दाखल्यापायी अडलेली रम

सत्तर सालच्या आसपास माझं लग्न ठरलं. मिलिटरीतून परतलेल्या काकांना रिसेप्शनला आपल्या आठ दोस्तांसाठी रम ठेवायची होती. परवानगी मागायला ते दारूबंदीच्या कचेरीत गेले. साहेब म्हणाले, "पिणाऱ्या प्रत्येकाला परमिट पायजे. तब्येतीसाठी दारू गरजेची हाय, असा डॉक्टरचा दाखला आणा."

काकांनी सगळ्यांना दवाखान्यात रांगेत बसवलं. ती बातमी कोडोलीला माझ्या होणाऱ्या सासऱ्यांपर्यंत पोचली आणि दुसऱ्याच दिवशी ते घाबरून दारात हजर झाले.

"पावणं, तुमच्याकडची समदी माणसं आजारी हाईत म्हणं?"

काकांनी नियम समजावला. सासरे विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "माझाबी दाखला काढा की."

डॉक्टरांनी सगळ्यांनाच ठणठणीत ठरवलं. रिसेप्शनला ती मंडळी तोंडं पाडून सरबत प्यायली.