गालिचेवाल्या वहिनींचा पंप

आमच्या वाचनालयाच्या सभागृहात लोकरीचा एक गालिचा आहे. लांबी बारा मीटर, रुंदी सहा मीटर, पाठीला ताग. वर्षातून दोनदा त्याची धुलाई होते, आणि मी मानद चिटणीस झाल्यापासून, म्हणजे गेली एकोणीस वर्षे, ती एक दीर आणि त्यांच्या वहिनी अशी दोनच माणसे करीत आली आहेत. त्या बाईंना गावभर वहिनी म्हणतात. माझ्याहून त्या पंधरा वर्षांनी लहान आहेत, तरी मीही त्यांना वहिनीच म्हणतो.

त्या या धंद्यात आल्या त्या यजमानांमुळे. धंदा खरे तर दोघा भावांनी मिळून काढला होता. परंतु थोरल्यांना धूळ उडाली की शिंकांची माळ लागे. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात ते बावीस वेळा शिंकले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी वहिनी बाह्या सरसावून हजर झाल्या. यजमानांनी स्वयंपाकघर सांभाळले. त्यांच्या हातचे जेवण वहिनींच्या हातच्यापेक्षा चांगले असते, हे वहिनी स्वतःच सांगतात.

कामाची वाटणी तेव्हापासून ठरलेली आहे. धूळ ओढणे आणि शेवटी यंत्राने गालिचा धुऊन पाणी शोषून घेणे हे दिरांचे काम. मधले नाजूक काम वहिनींचे: साबणाचे पाणी फवारून दहा मिनिटे मुरू देणे. पाणी कमी पडले तर मळ सुटत नाही. जास्त झाले तर ते खाली तागापर्यंत उतरते आणि वाळताना तागाचा तपकिरी रंग लोकरीच्या टोकांपर्यंत चढवते. वहिनींचा पंप हाताने हवा भरण्याचा होता. तीस दांडे मारायचे, भिंतीपासून चालू लागायचे आणि फवारा दमून पायाशी पडू लागला की थांबायचे. तेवढ्यात समोरची भिंत आलेली असे. असे सहा पट्टे. इतक्या वर्षांत त्यांचा एकही पट्टा बिघडल्याचे माझ्या दप्तरात नाही.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितले की पंपाचा दांडा मारणे बंद, नाहीतर हात वर जायचा नाही. ही वार्ता मला सभागृहातच, दोघांच्या वादातून समजली.

“फवारणीला मी माणूस बघतो, वहिनी,” दीर म्हणाले. “तुम्ही घरी बसून फोन घ्या.”

“फोन घ्यायला मी काय पिंजऱ्यातला पोपट आहे, भावजी?”

“मग खांद्याचं काय करायचं?”

“खांदा माझा आहे. त्याचं मी बघते. तुम्ही तुमच्या यंत्राचा पाइप बघा, गळतोय.”

पाइप खरोखरच गळत होता. दिरांनी तो आवळला आणि तेवढ्यापुरता विषय मिटला. परंतु फवारणी सुटली तर आपल्याला या कामात जागा उरत नाही, हे वहिनी पुरते ओळखून होत्या. यंत्र त्यांना पेलत नव्हते आणि घरी बसणे मानवणारे नव्हते.

दुकानदाराने बॅटरीवर चालणारा आठ लिटरचा पंप आठवडाभर वापरून पाहायला दिला. त्याची पहिली परीक्षा आमच्याच गालिच्यावर झाली. बटण दाबले की एकसारखा, बारीक फवारा. वहिनी खुशीत होत्या. पहिला पट्टा झाला, तरी त्या तिथेच नळी हलवीत राहिल्या. दुसऱ्यालाही तेच. मी दाराशी उभा राहून पाहत होतो. काही चुकते आहे अशी शंकाही मला आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी कुलूप काढले, तेव्हा वहिनी पायरीवर माझी वाट पाहत होत्या. आत गालिच्यावर सहाही पट्ट्यांच्या टोकांना तपकिरी झाक आली होती.

“मला रात्रभर तेच वाटत होतं,” त्या खाली बसून लोकर चाचपत म्हणाल्या. “हा पंप दमतच नाही हो. मी तो दमायची वाट बघत राहिले.”

व्हिनेगरचे पातळ पाणी शिंपडून आणि पुन्हा शोषून दोघांनी दुपारपर्यंत ते डाग काढले. पाइप गुंडाळताना दीर म्हणाले, “सवयीचा दोष आहे. नवीन माणसाला ही सवय नसेल.”

वहिनींनी गाडीतून जुना पंप आणला आणि माझ्याकडे मापाचे भांडे मागितले. “तुमचं मोजणं बिनचूक असतं, चिटणीससाहेब. भावजी, तुम्ही दांडे मारा. तीस. एकही कमी नको.”

मागच्या फरसबंद अंगणात मी बारा मीटरची रेघ आखून दिली. वहिनी नेहमीच्या चालीने फवारत गेल्या. टाकीत घातलेले आणि उरलेले पाणी मी मोजले. तीनदा मोजले, तिन्ही वेळा एका पट्ट्याला सव्वा लिटर गेले होते, उणेअधिक अर्धी वाटी.

तिथून आम्ही तिघे दुकानात गेलो. दुकानदाराने आणखी मोठी, दहा लिटरची टाकी पुढे केली.

“बॅटरीवाल्यांत सगळ्यात लहान कोणती?” वहिनींनी विचारले.

“दोन लिटरची आहे, पण ती बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी. धंद्याला कोण नेतं?”

“मी नेते. आतले रबरी वायसर साबणाने फुगतात का तेवढं सांगा.”

“नाही फुगत. पण सारखी भरत बसाल.”

“वहिनी, सहा वेळा टाकी भरायची?” दीर म्हणाले. “दिवस तिथेच जाईल.”

“सहा वेळा तीस दांडे मारत होते, तेव्हा तुम्ही घड्याळ बघितलं नाहीत. प्रत्येक वेळी सव्वा लिटर घालीन. टाकी रिकामी झाली की पट्टा संपला. मग पंप दमो की न दमो.”

दिरांनी ती इवलीशी टाकी हातात तोलून पाहिली. “ही भरलेलीसुद्धा तुमच्या पर्सपेक्षा हलकी असेल,” ते म्हणाले. त्यांच्याकडून त्याहून मोठी संमती मिळणे शक्य नव्हते.

पुढच्या धुलाईला मी खुर्च्या हलवून मुद्दाम थांबलो. पहिल्या पट्ट्यात टाकी भिंतीच्या तीन पावले अलीकडेच रिकामी झाली. दिरांनी माझ्याकडे पाहिले.

“पाणी कमी नाही, मीच भीत भीत, हळू चालले,” वहिनी म्हणाल्या. राहिलेल्या तीन पावलांपुरते पाणी त्यांनी मोजून घेतले, फवारले आणि पुढच्या पट्ट्यासाठी टाकी पुन्हा भरली. या वेळी त्या आपल्या जुन्या चालीने निघाल्या. भिंतीपासून वीतभर अंतरावर फवारा संपला.

सहावा पट्टा झाल्यावर त्यांनी पंप खिडकीत ठेवला आणि दहा मिनिटांनी यंत्र लावा, असे दिरांना सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गालिचा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून पाहिला आणि दप्तरात नोंद केली: धुलाई पूर्ण, डाग नाही, फवारणी वहिनींची.