शेपूवरचा हुजऱ्या

फोनवर बोलताना मी सारखं कुणाला कुरवाळत असते, असं माझ्या घरमालकीणबाईंनी मला एकदा विचारलं.

आम्ही मागच्या अंगणात होतो, मधे दीड मीटर अंतर ठेवून. मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताच्या पाठीवरून उजव्या हाताची बोटं हळू फिरवून दाखवली आणि म्हणाल्या, "आई." डचमध्ये प्रेमानं हात फिरवण्याला हाच शब्द आहे, उच्चारही जवळजवळ आपलाच. वरच्या मजल्यावरून त्यांना रोज माझा आवाज ऐकू जायचा. आई, ऐक ना. अगं आई. नाही गं आई.

मी त्यांना आमच्याकडे त्याचा अर्थ काय होतो ते सांगितलं. 

"मग बरोबरच आहे की," म्हणाल्या.

एनस्खेडे या डच गावात मी पीएच.डी.साठी आले होते. विटांच्या जुन्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता, खाली त्या एकट्या राहायच्या. इथे वयानं मोठ्या माणसांनाही नावानंच हाक मारतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तसं बजावलं होतं, आणि "तुम्ही" म्हणू नकोस, म्हातारं झाल्यासारखं वाटतं, असंही. सत्तरी ओलांडलेल्या बाईंना नावानं हाक मारणं मला जमेना. आजी म्हणायचं धाडस नव्हतं. त्यामुळे मी त्यांना कधी हाकच मारली नाही. काही काम असलं की समोर जाऊन उभी राहायचे, त्या वर बघेपर्यंत.

त्यांच्या यजमानांना मात्र मी मनातल्या मनात आजोबा म्हणायचे. त्यांना पक्षाघात झाला होता. डावी बाजू गेली होती, बोलणं एखाद्या शब्दापुरतं उरलं होतं, समज पूर्ण शाबूत होती. ते गावातल्याच एका केअर होममध्ये होते. बाई रोज दुपारी सायकलनं तिथे जायच्या आणि त्यांचा डावा हात मांडीवर घेऊन कुरवाळत बसायच्या. २०२०च्या मार्चमध्ये करोनामुळे सगळं बंद झालं तसं केअर होमचं दारही बंद झालं. तेव्हापासून त्या खिडकीबाहेर उभ्या राहू लागल्या. आतून एक नर्स आजोबांच्या कानाला फोन धरायची. उन्हाळ्यात थोडे दिवस आत सोडत, तेही मधे प्लास्टिकचा पडदा लावून, हात लावायला मनाई. मग आत कुणाला तरी लागण झाली आणि पुन्हा खिडकी.

"त्या हाताला काही कळत नाही," त्या मला एकदा म्हणाल्या. "पण मला कळतं."

त्यांना दुसरं काही नको होतं. ते आहेत तोवर एकदा तो हात हातात घ्यायचा होता.

अंगणातली सायकलींच्या शेडजवळची एक पट्टी त्यांनी मला दिली होती, काहीतरी लाव म्हणून. सुपरमार्केटमध्ये बियांच्या पाकिटावर मला शेपूचं चित्र दिसलं. मी तो पेरला, आणि जूनमध्ये भाजीपुरता झाल्यावर पुण्याला आईला फोन केला.

"शेपू? तू?" आई म्हणाली. "ताटातला शेपू गुपचूप बाबांच्या ताटात ढकलायचीस, ती तू?"

"आई, इथे दुसरी पालेभाजी नाहीये. फक्त पालक."

"बरी वठणीवर आलीस. मुगाची डाळ घाल, आणि लसूण सढळ हातानं. तिथे जाऊन कंजूष झालीयेस."

ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा पेरलेल्या शेपूवर अळ्या दिसल्या. मराठीत मला तेवढाच शब्द येत होता, अळी, आणि भाजीवर अळी पडली की काय करायचं तेही आईनं सांगून ठेवलं होतं: वेचून टाक, नाहीतर काडीसुद्धा उरणार नाही. मी एक ताटली आणि चमचा घेऊन खाली उतरले. अळ्या हिरव्यागार होत्या, अंगावर काळे पट्टे आणि पट्ट्यांवर नारिंगी ठिपके. एकीला चमचा लागला मात्र, तिच्या डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर आली आणि सडक्या फळासारखा वास सुटला. मी किंचाळले.

बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. शेपूकडे बघितलं, आणि शेजारी पालथ्या घातलेल्या बादलीवर खाली बसल्या.

"चमचा ठेव," त्या म्हणाल्या. "कोनिंगिनेपाझ आहे."

ते एका मोठ्या पिवळ्या फुलपाखराचं नाव होतं. त्या सांगत होत्या ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. आजोबांनी जन्मभर या अंगणात फुलपाखरांसाठी जागा राखली होती. एका कोपऱ्यात खाजरी झुडपं वाढू दिली, त्यावरून शेजाऱ्यांशी भांडले. या एका फुलपाखरासाठी दर वर्षी गाजरं लावली आणि उपटली नाहीत, पाला त्याला मिळावा म्हणून. त्यांच्या अंगणात ते कधीच आलं नाही.

"आणि आता आलं," त्या म्हणाल्या. "तुझ्या भाजीवर."

संध्याकाळी मी आईला सांगितलं.

"मोनार्क का गं? अमेरिकेत तुझ्या मामेबहिणीच्या बागेत असतात ते?"

"ते इथे नसतात. हे वेगळं. याच्या नावाचा अर्थ राणीचा... म्हणजे दरबारात राणीच्या मागेपुढे करणारा मुलगा असतो ना, तो."

"हुजऱ्या म्हण. शब्द आहे आपल्याकडे." मग ती हसायला लागली. "राणीचा हुजऱ्या, आणि खातो काय, तर शेपू! चला, तुझ्या घरात कुणीतरी आवडीनं खातंय. खाऊ दे त्याला. तू मेथी लाव."

दुसऱ्या दिवशी बाईंनी काचेच्या बरणीत शेपूची एक काडी आणि तिच्यावरची अळी ठेवली. बरणी मी धरायची आणि त्यांच्यामागून सायकल चालवायची, असं ठरलं. केअर होमच्या मागच्या हिरवळीवर, आजोबांच्या खिडकीशी आम्ही उभ्या राहिलो. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. चाकाच्या खुर्चीत बसलेला उंच माणूस, नीट भांग पाडलेला. बाईंनी बरणी काचेला टेकवली. ते खूप वेळ बघत राहिले. मग नर्सनं कानाशी धरलेल्या फोनमध्ये एक शब्द बोलले.

"बाहेर."

"त्याला बाहेर यायचंय," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

आजोबांनी उजवा हात उचलला आणि बरणीसमोरच्या काचेवर टकटक केलं. पुन्हा म्हणाले, "बाहेर." या वेळी चांगलेच रागावून, वर्गात गडबड करणाऱ्या मुलांवर ओरडावं तसं. मास्कआड नर्स हसत होती, ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. ते अळीबद्दल बोलत होते. बरणीत नको, बाहेर ठेवा.

बाई हसल्या. परत येताना त्यांनी सायकल मधेच थांबवली आणि बराच वेळ डोळे पुसले. मी मागे, बरणी धरून उभी राहिले.

आम्ही अळी पुन्हा शेपूवर सोडली. पक्ष्यांपासून जपायला बाईंनी जुन्या जाळीच्या पडद्याचा मांडव घातला. तरी पक्षी चोच घालायचेच. सकाळी मी लॅपटॉप उघडायच्या आधी खाली जायचे आणि दर वेळी एखादी कमी असायची. शेवटी एकच उरली. एक दिवस तीही दिसेना. दोघींनी शोधून शोधून हात टेकले, तेव्हा ती शेडच्या आतल्या फळीवर सापडली. कमरेला दोर बांधून नारळावर चढणारा माणूस मागे रेलतो, तशी ती एका धाग्यावर रेलली होती. दोन दिवसांनी तिथे अळी नव्हती, वाळक्या पानासारखा तपकिरी कोष होता.

मी वाचून काढलं. हा कोष आता वसंतातच उघडणार होता. थंडी पडायला लागली तशी मला राहवेना. मी तो फळीसकट वर, माझ्या खोलीत नेते, असं म्हटलं.

"गोठून जाईल तो तिथे."

"बाहेर म्हणालाय ना तो," बाई म्हणाल्या. "आत ऊब लागली तर भर हिवाळ्यात उमलेल. मग त्याला एक फूल तरी दाखवशील?"

तो तिथेच राहिला. बाई रोज खिडकीशी जाण्याआधी शेडमध्ये डोकावायच्या, म्हणजे सांगायला काहीतरी असायचं. "अजून आहे," हे त्या फोनवर सांगायच्या. आजोबा मान हलवायचे.

फेब्रुवारीत खूप बर्फ पडला. सायकल चालेना, तर त्या चालत जाऊ लागल्या. त्याच दिवसांत एका संध्याकाळी केअर होममधून फोन आला, आत या म्हणून. आत बोलावतात म्हणजे काय, ते तेव्हा सगळ्यांना माहीत होतं.

सकाळी दारात किल्लीचा आवाज आला. मी अर्ध्या जिन्यापर्यंत उतरले. त्या कोट न काढता पॅसेजमध्ये उभ्या होत्या.

"गेला," म्हणाल्या.

मला त्यांना जवळ घ्यायचं होतं. पण नियम होता, आणि खरं सांगायचं तर नियम नसतानाही मी कुणाला सहज हात लावणारी नव्हे. मी वर जाऊन चहा केला, कप जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवला आणि मागे सरले. तो हात त्यांना धरायला मिळाला का, ते विचारायचं होतं. विचारलं नाही.

एप्रिलमध्ये पुण्यात आई आणि बाबा दोघंही आजारी पडले. हॉस्पिटलमध्ये जागा नव्हती, ते घरीच होते. मी फोन हातातून खाली ठेवला नाही. कधी पलीकडून फक्त आईच्या खोकण्याचा आवाज यायचा आणि मी नुसतं आई, आई म्हणत राहायचे. बाईंनी काही विचारलं नाही. संध्याकाळी शेवटच्या पायरीवर सूपचं भांडं असायचं, झाकण लावलेलं. आई-बाबा हळूहळू उठून बसू लागले, तरी ते भांडं बरेच दिवस येत राहिलं.

मे महिन्यात एका सकाळी बाईंनी खालून माझ्या नावानं मोठ्यानं हाक मारली. मी अनवाणीच खाली धावले.

शेडमध्ये कोष उघडा पडला होता. फुलपाखरू जमिनीवर पडून त्यांच्या सायकलच्या चाकावर चढायची धडपड करत होतं. पंख ओले, चुरगळलेले. बाईंनी बोट पुढे केलं, ते बोटावर चढलं. त्या बादलीवर बसल्या. मी दाराशी उभी राहिले. पंख हळूहळू भरत गेले. पिवळ्यावर काळ्या रेघा, खाली निळी किनार, टोकाशी एक लाल ठिपका. त्या दुसऱ्या हातानं त्याला कुरवाळतील असं मला वाटलं, पण ओल्या पंखांना हात लावायचा नसतो. त्यांनी हात मांडीवरच ठेवला.

"त्या रात्री मला डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलं होतं," त्या अचानक म्हणाल्या. "हातमोजे दोन-दोन. त्याचा हात धरला तर प्लास्टिकच लागत होतं. मग मी एका हाताचे काढले."

मी दारातच उकिडवी बसले.

"नर्सनं बघितलं. ती खिडकीशी गेली आणि बर्फ बघत उभी राहिली."

"त्यांना कळलं?" मी विचारलं.

"डाव्या हाताला नाही. मी आधी डावाच धरला, सवयीनं." त्या फुलपाखराकडे बघत होत्या. "मग खुर्ची उचलून पलीकडे नेली आणि उजवा धरला. त्यानं बोटं आवळली."

धरून धरून त्यांचं बोट थरथरायला लागलं.

"पडेल हा. तू घे."

मी जवळ गेले. ते या बोटावरून त्या बोटावर यायचं तर बोटाला बोट लागायला हवं होतं. आदल्या वर्षीच्या मार्चपासून मला कुणाचा स्पर्श झाला नव्हता. मी बोट पुढे नेलं, जरा अलीकडे थांबले, मग त्यांच्या बोटाला टेकवलं. त्यांचं बोट गार होतं. फुलपाखरानं एक पाय टाकला, थांबलं, दुसरा टाकला. त्याच्या पायांची बारीक ओढ कातडीला जाणवत होती. ते पूर्ण माझ्याकडे आल्यावरही आम्ही दोघींनी बोटं काढली नाहीत.

"आजी," मी म्हटलं. पहिल्यांदाच. पुढे काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं.

त्यांनी त्या शब्दाचा अर्थ विचारला नाही. शेडच्या दाराकडे मान केली आणि आजोबांच्याच रागीट सुरात म्हणाल्या, "बाहेर."

मी हात न हलवता उन्हात निघाले. त्या माझं कोपर धरून मागोमाग आल्या.