सिनिस्टर माणसं

सुरतजवळच्या उधन्यातल्या एका माग-कारखान्यात धुडकू कामाला होता. शाळा सातवी. इंग्रजी मात्र एका फाटक्या डिक्शनरीवर स्वतः कमावलेलं. कुणाला नोटीस आली की आळी त्याच्या दारात, आणि त्याला ते आवडायचंही.

शहाण्णव सालच्या अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, कारखान्यातले धुडकूसकट बारा खानदेशी कारागीर एकदम गावाला गेले. दरसालचंच. लेकी सासरहून माहेरी येतात, झाडाला झोके चढतात, आणि बाप सुरतेत धोटा फेकत बसणार? रजेचा अर्ज कुणीच दिला नाही. अखाजीला अर्ज लागतो हे त्यांच्या बापजाद्यांनी ऐकलं नव्हतं. मागांवर देखरेख करणाऱ्या मास्तरच्या कानावर घातलं की झालं. पाचव्या दिवशी परतले तर फाटकात मॅनेजर उभा, हातात टाइप केलेले बारा कागद. सही करा, मागावर जा.

बाकीचे पेन शोधू लागले. धुडकूनं आधी वाचलं. आम्ही 'सिनिस्टर' हेतूनं एकजूट करून मालकाचं नुकसान केलं, अशी कबुली होती. पुढे कधी हाकलायचं झालं की हाच कागद पुढे येणार, हे त्याला तिथंच कळलं. त्यानं सगळ्यांना ओढून खोल्यांवर परत आणलं.

संध्याकाळी बारांतल्याच एका, त्याच्या गाववाल्या सुपडूच्या खोलीत डिक्शनरी उघडली. दुष्ट, कपटी, अशुभ; मनात काळंबेरं असलेला. सुपडूची बायको भागीरथी भाकर थापता थापता थांबली.

"मनी अंडेर माहेरले उनी, हाई कपट शे का?"

लेक माहेरी आली, यात कपट कसलं? धुडकूचं डोकं तापलं ते अर्थापेक्षा वापरावर. शेठ लोक एका हॉलात बसून मजुरीचा दर पाडतात, त्याचं नाव असोसिएशन. बारा मजूर गावाला जायला रेल्वेच्या एका डब्यात बसले की सिनिस्टर. हा शब्द माडीवरून खाली थुंकायलाच केलेला. खालून वर थुंकलं तर आपल्याच तोंडावर.

सकाळी तो बाकीच्या अकराही जणांना घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरला. मॅनेजर गोड हसला. "धुडकूभाई, ए तो वकीलनी भाषा छे. सही करी दो ने."

"दोन वर्षांमागं, प्लेगच्या साली, शेठ गाडीत बसून रातोरात पळाले," धुडकू म्हणाला. "आम्ही सकाळी आलो तर फाटकाला कुलूप. ना अर्ज, ना निरोप. तेव्हा वकिलानं कोणता शब्द लिहिला होता?"

मॅनेजरनं पंख्याकडे पाहिलं. बाहेर माग पाच दिवस गप्प होते आणि लग्नसराईचा माल अडकला होता, म्हणून दुपारी नवे कागद आले. गुजरातीत, दोन ओळी: न सांगता गेलो, पुढे अर्ज देऊ. अकराच. धुडकूच्या पुढ्यात मात्र जुनाच, इंग्रजी.

अकरा जणांनी सह्या ठोकल्या. सुपडूनं पेन खाली ठेवताना एकदा वळून पाहिलं, मग तोही आत गेला. मागांचा खडखडाट सुरू झाला. धुडकूनं आपला कागद सही न करताच मॅनेजरच्या टेबलावर सरकवला आणि जेवणाचा डबा उचलून फाटकाबाहेर पडला.

आता तो सुरतेबाहेर इच्छापोरला एका कंत्राटदाराकडे लोखंड उचलतो. सुपडू त्याला लांबून पाहिलं की गल्ली बदलतो. भित्र्यावर कोण रागावणार, असं धुडकू सांगतो. खोटं सांगतो.