चढावरचा टँकर

दुपारी दोनच्या सुमाराला आमचा ऑटो कुठल्या तरी गावाच्या लिंबाखाली उभा असायचा आणि माझा मित्र पुढच्या सीटवर आडवा होऊन झोपलेला असायचा. डोळे मिटले की झोप. मी मागं मांडीवर अॅम्प्लिफायर घेऊन त्याच्याकडं बघत बसायचो. त्याच्या पैशाचा किंवा रूपाचा हेवा मला कधीच वाटला नाही, कारण ते दोन्ही त्याच्याकडं नव्हतं. हेवा वाटायचा तो त्याच्या कानांचा. त्याच्या कानात काही वाजत नव्हतं. माझ्या डाव्या कानात तेव्हा टँकर चढ चढत असायचा.

आमचं काम काय होतं ते आधी सांगतो. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. उदगीरचा वेगळा जिल्हा झाला पाहिजे म्हणून आम्ही गावोगाव हिंडत होतो. टँकरच्या एका सहीसाठी सरपंचानं सकाळची एसटी धरायची, जिल्ह्याच्या गावाला, लातूरला जायचं, साहेब भेटले तर भेटले, नाहीतर परत उद्या. माणसाला तहान लागते गावात आणि तिची मंजुरी मिळते तीन तासांवर. याचा मला त्या वयात इतका राग यायचा की जेवताना ताट सारून उठायचो. आजही येतो.

समितीचे प्रमुख अप्पा. कापडाचे व्यापारी, कपाळावर विभूती, बोलणं मोजून मापून. मी पत्रकं लिहायचो ती त्यांच्या दुकानाच्या गादीवर बसून. वाक्य सात शब्दांच्या वर गेलं की अप्पा लाल पेनानं काट मारायचे. "वाक्य लांबलं की गिऱ्हाईक त्या कागदात शेंगदाणे बांधतंय, समजलं का," म्हणायचे. मला लिहायला कॉलेजनं शिकवलं नाही, त्या लाल पेनानं शिकवलं.

'टँकरमागं सभा' ही युक्तीही अप्पांचीच. नुसत्या सभेला कोण येणार? पण टँकर येऊन विहिरीत पाणी सोडतो तेव्हा अख्खं गाव विहिरीवर असतं. म्हणून आम्ही टँकरच्या थोडं आधी गावात शिरायचो, भोंग्यातून टँकर येतोय म्हणून ओरडायचो आणि पाणी विहिरीत पडत असताना पाच मिनिटं बोलून पत्रकं वाटायचो. बायका पाण्याकडं बघत माझं भाषण ऐकायच्या. मला वाटायचं माझंच ऐकतायत.

ऑटो मित्राचा, माइक माझा. आम्ही शाळेपासूनचे. त्याचा आवाज मऊ. दर गावात पोचलो की मी एक गोष्ट न चुकता करायचो. त्याला माइकवर "हॅलो, हॅलो" म्हणायला लावायचो आणि स्वतः भोंग्याच्या तोंडाशी कान लावायचो, डावा. खरखर आहे का, शब्द सुटा येतोय का, ते तपासायला. मग त्याला म्हणायचो, "तुझ्या आवाजात दम न्हाई. आण इकडं." असे आठ-नऊ महिने, दिवसाला पाच-सहा गावं. तो एकदाच म्हणाला होता, "कान जाईल लेका तुझा." मी म्हणालो, "तुला माइक पाहिजे म्हणून म्हणायलास का?" त्यानं माइक माझ्या हातात दिला.

कान गेला नाही. कानात आवाज आला. पहिल्या दिवशी मी खरंच ऑटोतून उतरून रस्त्याकडं बघितलं होतं. भरलेला टँकर पहिल्या गिअरमध्ये घाट चढतो ना, तसा घुर्र आवाज, दुरून, थांबत नाही आणि जवळही येत नाही. नंतर त्याच्या तऱ्हा कळल्या. एखाद्या दिवशी तो रातकिड्यासारखा बारीक व्हायचा. एखाद्या दिवशी इतका वाढायचा की समोरच्याचे ओठ बघून बोलणं जुळवावं लागायचं. कधी सकाळी उठावं तर नाहीच. मग दिवसभर तो कधी येईल याची वाट बघण्यात जायचा. रोज दुखणारा पाय असता तर मी लंगडायला शिकलो असतो. हा आवाज शिकू देत नव्हता.

मी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं की माइक मित्राकडं जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. अख्ख्या तालुक्याला ओरडून सांगणारा मी, एवढी एक गोष्ट दाबून बसलो होतो. आणि चीड काढायचो त्याच्यावर. तो पाणी पिताना घोट घेतल्याचा आवाज त्याला नीट ऐकू येत असेल, याचासुद्धा राग. ऑटोचं इंजिन बंद केल्यावर तो "आहा, शांत झालं" म्हणायचा. मला त्याच्या तोंडात मूठ कोंबावीशी वाटायची.

शेवटी बहिणीकडं जातो म्हणून खोटं सांगून नांदेड गाठलं. स्टेशनजवळच्या गल्लीत कानाच्या डॉक्टरांकडं नंबर लावला. एका लहानशा बंद खोलीत बसवलं, कानाला मोठाले हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आणि काय सांगावं, त्या दिवशी कानात काहीच नव्हतं. सकाळी बसमध्ये होतं, खोलीत नाही. मी बटण दाबत राहिलो आणि मनातून इतका खूश झालो की हसू येत होतं.

डॉक्टर वयस्कर होते. कागद बघत म्हणाले, "डाव्या कानाला थोडं कमी आहे. आवाज आज नाही म्हणता?"

"अजिबात नाही सर."

"आज नाही म्हणजे गेला असं समजू नका. हा जातो, येतो. मीठ कमी करा, झोप घ्या, भोंग्याच्या जवळ उभं राहू नका. करता काय तुम्ही?"

"समाजकार्य."

"मग ते जरा हळू आवाजात करा."

बाहेर कंपाउंडर माझ्याकडं बघून हसला. डॉक्टरांच्या बोलण्यातलं मी 'नाही' एवढंच ऐकलं. गोदावरीच्या पुलावर बस आली तेव्हा पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसत होती. एरवी मी तिथंच एक पत्रक मनात लिहून काढलं असतं. त्या दिवशी खिडकीला डोकं टेकून झोपलो.

पुढं बारा-तेरा दिवस कान स्वच्छ होता. त्या दिवसांत मी दुनियेचा राजा होतो. दुपारी मित्राशेजारी मीही आडवा व्हायचो. लिंबाची पानं हलल्याचं ऐकू यायचं, लांब कुणाच्या तरी शेळीचं ओरडणं यायचं. मला त्याच्याबद्दल प्रेमच वाटायला लागलं.

तेवढ्यात अप्पांनी आम्हाला दुकानात बोलावलं. लातूरला वरचे अधिकारी नव्या जिल्ह्याची मागणी ऐकायला बसणार होते. प्रत्येक समितीतून एकानं बोलायचं. मी गादीवर सरसावून बसलो. अप्पा म्हणाले, "दोघंबी तयारी करा. एका आठवड्यानं ठरवू. मला वाटतंय, हळू बोलणारा माणूस अशा ठिकाणी बरा पडतो."

"भाषण मी लिहितो अप्पा," मी म्हणालो.

"लिही की. लिहिणं येगळं, बोलणं येगळं."

मित्र म्हणाला, "मला काय बोलता येतंय अप्पा, त्यालाच पाठवा." ते त्यानं मनापासून म्हटलं होतं. मला ते दान वाटलं आणि त्याचा जास्त राग आला. त्या आठवड्यात मी दर गावात दुप्पट ओरडलो. भोंग्याला कान लावणंही परत सुरू केलं. माझाच आवाज किती लांब जातो, ते मला ऐकायचं होतं.

चाकूरच्या पुढं माळावर एक गाव आहे. रस्ता चढाचा, चढाखाली फोन लागत नाही. सहाव्या दिवशी आम्ही तिथं विहिरीपाशी ऑटो लावला. टँकर बाराला यायचा होता, साडेबारा झाले होते. मित्र चढाच्या तोंडाशी बघायला निघाला. आणि मला आवाज आला. घुर्र, पहिल्या गिअरमधला, भरलेल्या टँकरचा.

बारा दिवस कान स्वच्छ होता. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. माइक तोंडाला लावला. "टँकर आला हो, टँकर आला. चला, सगळ्यांनी विहिरीवर चला."

गावाबाहेर रोजगार हमीवर खडी फोडायचं काम चालू होतं. तिथल्या बायका हातातलं टाकून निघाल्या. घरी होत्या त्या घागरी, कळश्या, पोहरे घेऊन आल्या. एकीच्या हाताला पीठ तसंच होतं. पन्नास-साठ माणूस विहिरीभोवती जमलं आणि चढाकडं बघत उभं राहिलं. आवाज येतच होता. जवळ येत नव्हता. तेव्हा मला कळलं.

मित्र चढावरून परत आला. मान हलवली. रस्ता रिकामा.

एक म्हातारी पुढं झाली. "कुठं हाय रं बाबा टँकर?"

"यायलाय मावशी."

"आला म्हनलास न्हवं?"

दुसरी म्हणाली, "भाषनाला मान्सं गोळा करायची हायत त्याला. पान्याच्या नावानं बोलिवलं. तिकडं मुकादम अर्ध्या दिवसाची हजेरी कापंल, ती ह्यो देनार हाय का?"

कुणीतरी पत्रकांचा गठ्ठा ओढला. तो धुळीत विस्कटला. आता सांगायची वेळ होती. माझ्या कानात टँकरसारखा आवाज येतो, मी फसलो. सातच शब्दांत बसलं असतं. मी मित्राकडं बोट केलं. "ह्यानं सांगितलं मला. चढावरनं हात केला, आला म्हणून."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग बायकांना म्हणाला, "चुकलं माय. मला तसं वाटलं."

त्याला त्यांनी जे काही ऐकवलं ते मी लिहीत नाही. तो खाली मान घालून पत्रकं गोळा करत होता. टँकर आला तो चार वाजता. तोवर आम्ही निघून गेलो होतो.

बातमी अप्पांपर्यंत संध्याकाळच्या आत पोचली. अप्पा त्याला एवढंच म्हणाले, "तू आता फक्त गाडी चालव." लातूरला मी जाणार हे ठरलं. मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑटो लिंबाखाली उभा राहिला. मी बघितलं तर तो जागा होता. डोळे उघडे ठेवून छताकडं बघत पडला होता. त्याची झोप जावी असं मला किती महिने वाटत आलं होतं. मी विचारलं, "झोप येईना का?"

"न्हाई येत."

मग तोच म्हणाला, "कान कधीपासून वाजायलाय तुझा?"

मी माइकची वायर गुंडाळायला लागलो.

"मला काय दिसत न्हाई व्हय? बोलताना उजवी बाजू पुढं करतोस. कितीदा रस्त्याकडं बघतोस. म्हनलं सांगंल आपसूक."

"मग तिथं का न्हाई सांगितलंस?"

"तुझा कान हाय. मी कसं सांगू?"

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. माझ्या हातचं सगळ्यात लहान पत्रक, विहिरीवर खरं काय झालं एवढंच. अप्पांना दाखवलं. त्यांनी वाचलं, लाल पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. "ह्यात मागणी कुठाय?" म्हणाले. मी म्हणालो, नाही. "मग लातूरला कोण जाईल?" मी मित्राचं नाव घेतलं. ते घेताना जीभ जड झाली, खोटं कशाला बोलू.

त्याच गावात, त्याच विहिरीवर आम्ही परत गेलो. टँकर खरोखर आलेला होता, पाणी पडत होतं. मी पत्रकं वाटायला लागलो. ती पिठाच्या हाताची बाई म्हणाली, "कागद नगं. वाचाया कुनाला येतंय हितं. त्या भोंग्यात सांग. त्या दिशी भोंग्यातच सांगितलंस न्हवं."

मग भोंग्यात सांगितलं. टँकर आला असं यानं सांगितलं नव्हतं. माझ्या कानात आवाज येतो. तो टँकरसारखा आहे. मी लपवलं आणि याच्यावर ढकललं. तुमची हजेरी माझ्यामुळं गेली. माइक पहिल्यांदाच हातात जड वाटला. माझा आवाज माळावरून परत येत होता आणि त्याखाली ती घुरघुर चालूच होती.

कुणी रडलं नाही, कुणी माफही केलं नाही. म्हातारी म्हणाली, "मंग कानाचं आदी सांगायचं. आमी काय कान उपटून घेनार हुतो का तुझा?" बायका हसल्या. पिठाच्या हाताची बाई हसली नाही. ती मित्राला म्हणाली, "भाऊ, हितनं पुढं टँकर तू बघायचा, आन् तूच सांगायचं. ह्याच्या हातात देऊ नगंस."

लातूरला तो बोलला. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. हळू बोलला, अगदी अप्पांना पाहिजे तसा. पुढचे साहेब लोक खुर्चीत पुढं वाकून ऐकत होते, एकानं पंखा बंद करायला सांगितला. वाक्यं सगळी माझी होती, सात-सात शब्दांची. मला त्यातली निम्मी ऐकू आली नाहीत. त्या दिवशी कानातला टँकर फार जोरात होता.

परत येताना एसटीत त्यानं विचारलं, "कसं झालं?"

"मला ऐकू आलं न्हाई," मी म्हणालो.

तो उठला, जागा बदलून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला आणि पहिल्यापासून म्हणून दाखवायला लागला. तिसऱ्या वाक्यानंतर आवाज येईना म्हणून बघितलं, तर तोंड उघडं टाकून झोपला होता. उदगीर येईपर्यंत मी जागा होतो. हेवा गेला का कुणी विचारलं तर, नाही गेला.