आण्णांची कवळी आणि विलायती म्हातारे

नव्वदच्या दशकात सांगलीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई घरी येऊन प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकते, हे कुणाला सांगितलं की लोक आधी माझ्याकडं बघायचे आणि मग विषय बदलायचे. मला कॅसेटी मिळायच्या त्या खोलीतल्या जोडीदारणीकडून. ती मिरजेची, तिचा भाऊ बोटीवर नोकरीला. तो येताना बहिणीसाठी साबण, अत्तर आणि कॅसेटी आणायचा. साबण-अत्तर ती ठेवून घ्यायची आणि कॅसेटी माझ्या अंगावर टाकायची. म्हणायची, तूच ऐक बाई, पण आवाज बारीक ठेव, नाहीतर मालकीणबाईंना वाटेल खोलीत काहीतरी कोसळलं.

या संगीताची गंमत अशी की गाणं आवरतं घ्यायची कुणाला घाई नसते. एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालतं. मधेच चाल बदलते, ताल बदलतो, सगळे गप्प होतात, एकटा ऑर्गन रेंगाळत राहतो, आणि आता संपलं म्हणून उठावं तर पुन्हा सगळे तुटून पडतात. मी बँडवाल्याची लेक. कराडला लागून मलकापूर, तिथं आमचं घर आणि वडिलांचा पितळी बँड. वरात निघाली की मांडवापर्यंत एका गाण्यातून दुसऱ्यात शिरत वाजवत राहायचं, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. त्यामुळं विलायती लोकांचं हे लांबण मला कधी परकं वाटलंच नाही.

त्या वर्षांत या धाटणीचे जुने बँड एकामागून एक नव्या कॅसेटी काढत होते. जोडीदारणीचा भाऊ नाक मुरडायचा. हे म्हातारे झाले, आता यांनी घरी बसावं, असं त्याचं म्हणणं. मला असला राग यायचा! सगळ्याच कॅसेटी चांगल्या होत्या असं मीही म्हणत नाही. एका बँडनं पंचविशीतल्यासारखं पळायचा असा हट्ट धरला होता की ऐकताना मलाच धाप लागायची. एक तरुण, प्रयोग करणारा बँड होता. त्यात पत्रा ठोकल्यासारखे आवाज, दोन गिटारी एकमेकींच्या झिंज्या उपटताहेत, आणि ताल असा की पाय कुठं टाकावा कळू नये. ती कॅसेट मला पाचव्या खेपेला आवडली आणि मग इतकी आवडली की पेपर तपासताना तीच लावायचे. पण जीव जडला तो एका जुन्या बँडच्या नव्या कॅसेटवर. त्यातल्या गायकाचा आवाज जाड झालेला, वरचा गळा गेलेला. आणि तरी ते गाणं ऐकून बरं वाटायचं, का ते मला सांगता येत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात आण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पुढचे दात काढावे लागले. आण्णा ट्रंपेट वाजवायचे, आणि ट्रंपेटवाल्याचा सगळा जोर त्या दातांवर. कवळी बसवली, पण फुंकर मारली की कवळी हलायची, आणि वरचे सूर काही केल्या लागेनात. आण्णांनी ट्रंपेट फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. मंडळाची माणसं येऊन विचारून गेली, की एप्रिलातल्या जयंतीला तुम्ही आहात, का मिरजेहून बेंजो पार्टी सांगायची? आमच्या वस्तीच्या मिरवणुकीपुढं आण्णांचा बँड, हे माझ्या जन्माच्या आधीपासून चालत आलेलं. आण्णांनी सांगितलं, शिमगा होऊ दे, मग बघू. मी शनिवारी घरी गेले तर आई मला मोरीपाशी ओढून हळूच म्हणाली, की माणूस नीट जेवेना झालाय आणि त्याला कारण कवळी नाही.

आण्णांना शहाणं करावं असलं काही माझ्या मनात नव्हतं. मी आपली माझ्या कौतुकापायी टेपरेकॉर्डर बरोबर घेऊन गेले होते. रविवारी सकाळी पडवीत आण्णा शेंगा फोडत बसले होते, शेजारी नाना. नाना माझे चुलते, बँडमध्ये ढोल वाजवायचे. मी आधी ती पत्रा ठोकणाऱ्यांची कॅसेट लावली. आण्णांनी थोडा वेळ ऐकलं आणि गंभीरपणे विचारलं, की या लोकांचं आपसांत काही बिनसलंय का. नाना मात्र मांडीवर बोटं आपटायला लागले. सात मात्रा निघाल्या, म्हणाले हा तर रूपक. पुढं एका जागी आठवी मात्रा कुठून तरी घुसली तेव्हा त्यांनी हात टेकले.

मग मी माझी लाडकी कॅसेट लावली. अर्धं गाणं झालं आणि आण्णा म्हणाले, हा गडी दमलाय. माझं डोकंच फिरलं. मी तरातरा आत जाऊन पिशवीतनं त्याच गायकाची जुनी कॅसेट आणली, तरुणपणाची, तिच्यात तो आभाळाला हात लावतो. ती ऐकवली. परत नवी लावली. आण्णांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. ‘पुन्यांदा लाव,’ म्हणाले. मी लावली. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं.

‘दमला न्हाई पोरी,’ ते म्हणाले. ‘ह्येनं पट्टी उतरवलीया. आन् बाकीच्यांनी त्येला जागा करून दिलीया.’

मला जे महिनाभर सांगता येत नव्हतं ते हेच. तो गायक गेलेल्या गळ्याच्या मागं धावतच नव्हता. जिथं गळा उरलाय तिथं तो निवांत बसला होता, आणि ऑर्गनवाला नि गिटारवाला जरा सरकून बसले होते. तरुणपणी त्या बँडला हे जमलं नसतं. मला इतका आनंद झाला की मी आण्णांच्या पुढ्यातल्या सोललेल्या शेंगा सगळ्या खाऊन टाकल्या. नानांनी त्याच दुपारी शिडी लावून माळ्यावरनं ट्रंपेट काढला.

पुढचे रविवार तालमीत गेले. सगळ्या बँडची पट्टी उतरवायची म्हणजे काय खाऊ आहे का! क्लॅरिनेटवाल्यांची बोटं जुन्याच जागी पळायची. त्यातला थोरला कुरकुरला, की मिरवणुकीत खाली वाजवलं तर पुढच्या गल्लीत ऐकू जाणार नाही, लोक हसतील. त्याचंही खरं होतं. बँड उंच वाजवायचा तो गर्दीच्या वर जावा म्हणूनच. आण्णा त्याला म्हणाले, हसले तर हसले. वर त्यांच्या डोक्यात त्या कॅसेटमधलं आणखी एक खूळ शिरलं. गाणं ऐन रंगात आलं की सगळ्यांनी गप्प व्हायचं, चार मात्रा सोडायच्या, आणि मग एकट्या ट्रंपेटनं हळूच उचलायचं. कवळीला तेवढाच विसावा, हेही एक कारण असावं. शिमगा झाल्यावर मंडळाला निरोप गेला, की आम्ही आहोत. पण हे फसलं तर आण्णा पुन्हा ट्रंपेटला हात लावणार नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

जयंतीला मिरवणूक निघाली, निळे झेंडे, पोरांची नाचायची घाई. आण्णांनी सुरुवात केली आणि लोक जरा चपापले. सूर खालचा, जाड, रुंद. क्लॅरिनेटवाला म्हणाला तसं पुढच्या गल्लीत काही गेलं नसेल. पोरं नाचायला लागली, पण अडखळत. मग चौकात गाणं रंगात आलं आणि ठरल्यासारखा बँड गप्प झाला.

आता, आमच्याकडं बँड मधेच थांबला तर त्याचा एकच अर्थ. बँडवाल्यांना नोट ओवाळून पाहिजे. आम्ही तालमीत सगळा विचार केला होता, याचा तेवढा केला नव्हता. झालं! पुढचे नाचणारे खिसे चाचपायला लागले. मंडळाचा अध्यक्ष तणतणत आला, की घरच्या कार्यात असं अडवून धरतात होय. त्याच्या अंगावर येण्यानं आण्णा गडबडले, ट्रंपेट ओठाला लावला तर कवळी सरकली, आणि सूरच फुटेना. चार मात्रा कधीच उलटून गेल्या.

तेवढ्यात मागून, बायकांच्या घोळक्यातून, कुणीतरी गाणं जिथं तुटलं होतं तिथनं उचललं. एकटा आवाज, थोडा घोगरा. मी वळून बघितलं तर आई. माझ्या आईला मी चारचौघांत गाताना कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या काकू तिच्यात मिसळल्या, मग म्हाताऱ्या, मग सगळ्याच. नानांनी ढोलावर अगदी बारीक ठेका धरला. आण्णांनी पाठ फिरवून कवळी दाबून बसवली आणि त्या आवाजांच्या खालून हळूच ट्रंपेट आणला. अध्यक्ष काय बोलायला आला होता ते विसरून टाळ्या वाजवायला लागला. चौकातनं मिरवणूक हलली ती नाचत नव्हे, गात.

संध्याकाळी घरी आण्णांनी आईला विचारलं, की इतकी वर्षं मिरवणुकीत चालतेस, आजच कसं गावंसं वाटलं?

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, ‘आवं, गाऊ तर दर साली वाटायचं. तुमी आभाळात वाजवत हुता, तितं कोन पोचणार? आज आमच्या गळ्याजोगं वाजवलंसा.’