इर्माच्या दोन दोऱ्या

अमेरिकेत, आयोवातल्या त्या गावात धुणं सोमवारी वाळत पडायचं आणि त्यावरून बाईची किंमत ठरायची. इर्मा डाल्केच्या चादरी कायम पिवळट. विहिरीचं पाणी जड, त्यात लोखंडाचा अंश. साबणाला फेसच यायचा नाही, आणि ब्लीच घातलं की चादर आणखी पिवळी व्हायची. शेजारची व्हर्निस कुंपणाशी येऊन गोड आवाजात विचारायची, "इर्मा, गेल्या आठवड्याचंच परत वाळत घातलंस का गं?" इर्मा तोंडात चिमटे धरून पुढची चादर दोरीवर टाकायची. तिला व्हर्निस आवडत नव्हती. खरं तर त्या गावात तिला फारसं कोणीच आवडत नव्हतं.

पाण्यातला लोखंडाचा अंश काढून ते मऊ करायची यंत्रं तिचा सख्खा भाऊ मायलो विकायचा. पण तिचा नवरा एलरॉय आणि मायलो यांचं शेताच्या कुंपणावरून वाकडं होतं. "त्या लबाडाचं यंत्र माझ्या घरात? माझ्या बापाने जन्मभर हेच पाणी वापरलं," एलरॉय म्हणायचा. बाप मध्ये आला की बोलणं खुंटायचं. त्या बापाचे शर्ट कोणत्या रंगाचे होते, हे विचारायची सोय नव्हती.

शेवटी इर्माने शिवणकामाच्या पैशांतून यंत्र घेतलंच. मायलोने ते तळघरात बसवलं, बाजूच्या टाकीत काठोकाठ मीठ भरलं आणि बजावलं, "मीठ खाली गेलं की भर घाल. मीठ उतरतंय म्हणजे यंत्र काम करतंय."

पुढच्या सोमवारी चादरी पिवळ्याच. त्याच्या पुढच्याही. एलरॉय कॉफी ढवळत म्हणाला, "भावानेच टोपी घातली म्हणायची." इर्माच्या मस्तकात तिडीक गेली. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिने चारचौघांत मायलोला चोर म्हटलं. तो म्हणाला, "मी येऊन बघतो." ती म्हणाली, "माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." मायलोचा चेहरा एवढासा झाला.

काही आठवड्यांनी, मीठ खाली गेलं असेल म्हणून, ती मिठाचं पोतं छातीशी धरून, दुखरा गुडघा सांभाळत तळघरात उतरली. "जपून हं," वरून एलरॉय म्हणाला.

तिने टाकीचं झाकण उघडलं. मीठ मायलोने भरलं तसंच होतं, काठापर्यंत. यंत्राच्या नळावरची मूठ आडवी फिरवलेली होती; पाणी यंत्राला वळसा घालून थेट घरात जात होतं. मुठीवर ट्रॅक्टरचं काळं ग्रीस होतं.

ती त्या पोत्यावरच बसली. सगळं माहीत असून तो तिला पोतं वाहताना बघत होता. आणि तिने भावाचं नाक कापलं होतं.

ती ओरडली नाही. रात्रीच्या जेवणाला एलरॉय बसल्यावर तिने त्याच्यासमोर फोन लावला. "मायलो, तू चोर नाहीस. चोर इथे माझ्या टेबलावर जेवतोय."

सोमवारी तिने मूठ सरळ करून आपले कपडे आणि चादरी मऊ पाण्यात धुतल्या. मग तळघरात जाऊन मूठ आडवी केली आणि एलरॉयचे शर्ट धुतले. अंगणात दोन दोऱ्या लागल्या, एक पांढरीशुभ्र, दुसरी गंजकट. व्हर्निस लगेच कुंपणाशी आली. "एलरॉयच्या शर्टांना काय झालंय गं?"

एलरॉय तिथेच उभा होता. इर्मा म्हणाली, "त्याला बापाचंच पाणी लागतं. मी कोण नको म्हणणारी?"

दर सोमवारी हेच चाललं. एलरॉय वारला तेव्हा शवपेटीत त्याच्या अंगावर घालायचा शर्ट तिने स्वतःच्या हाताने धुतला, आधी तळघरात जाऊन मूठ आडवी करून.