पहिली दोरी राखणदाराची

आधीच सांगून टाकते – मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. वेंगुर्ल्याची आहे म्हटलं की लोक लगेच सरसावून बसतात, "तुमच्याकडे तर काय बाई..." म्हणून. हो, आमच्याकडे दर दोन माडांमागे एक भुताची गोष्ट असते. त्यातल्या निम्म्या उशिरा घरी पोचलेल्या नवऱ्यांनी बायकोसाठी रचलेल्या असतात, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. या साइटवरचे अनुभव मी वाचते ते चहाबरोबर, करमणूक म्हणून. तरी आज स्वतःच लिहायला बसलेय... कारण हा एक प्रसंग कुठेच नीट बसत नाही, आणि आठवला की अजूनही मला एका जागी बसवत नाही.

साल २००५, ऑक्टोबर महिना. मी आणि माझा नवरा अभय तेव्हा नेदरलँड्समध्ये झूटरमेरला राहायचो. अभय हेगला एका सॉफ्टवेअर कंपनीत. जन्म पुण्याचा, घरात अंडंसुद्धा कधी उकडलेलं नाही. माझ्याशी लग्न केलं तेव्हा त्याच्या आत्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मासे सोडशील ना हळूहळू?" मी हो म्हटलं होतं. अजून हळूहळू सोडतेच आहे.

त्या वर्षीच्या सुरुवातीला माझी आई गेली. बाबा वेंगुर्ल्याच्या घरात एकटे पडले आणि मी त्यांची एकुलती एक. त्यांना व्हिजिटर व्हिसावर तीन महिन्यांसाठी आणलं, पण माझ्या मनात बेत वेगळाच होता. एकट्या राहिलेल्या वयस्कर आईवडिलांना इथे कायमचं ठेवून घेण्याची सोय तेव्हा होती. सगळी जमवाजमव मी केली होती. अडलं होतं फक्त बाबांच्या होकारावर.

बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. नुसते फिरायचे... हॉलमधून किचन, किचनमधून बाल्कनी, परत हॉल. जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलेला माणूस, पण आता पेपरही पुरता वाचून होत नव्हता. रात्री त्यांच्या खोलीतून पावलं ऐकू यायची, आणि त्यांच्यामुळे मलाही झोप नसायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाबा, इथे काय कमी आहे तुम्हाला?" तर म्हणाले, "कमी काय नाय गो. पण हय माका वळखता कोण?"

मी म्हटलं, मी ओळखते ना. ते उठून परत बाल्कनीत गेले.

जरासा जीव आला तो शेजारच्या विममुळे. विम म्हणजे सत्तरीतला डच माणूस, सतत हातात तंबाखूची पुडी आणि सिगरेट वळणं चालू. त्याची एक छोटी अॅल्युमिनियमची बोट हॉलंड्स डीपच्या काठी एका बारक्या बंदरात बांधलेली असायची. हॉलंड्स डीप म्हणजे नदी समुद्राला मिळायच्या आधी पसरते तो रुंद भाग. आमच्याकडून गाडीने तासाभरावर. विमने बाबांना सांगितलं की किती तरी वर्षं नाहीसा झालेला सामन मासा आता परत दिसायला लागलाय. समुद्रातून येतो, तिथूनच वर जातो, जिथे जन्मला त्या ओढ्यापर्यंत.

"आणि तो लागतो गळाला?" बाबांचे डोळे कित्येक महिन्यांनी चमकले.

विम हसला. म्हणाला, "तो खोल असतो. त्याला डाउनरिगर लागतो, म्हणजे केबलवर जड गोळा सोडून गळ खोल नेणारं यंत्र. ते माझ्याकडे नाही. आणि समजा लागलाच, तर कायद्याने परत पाण्यात सोडायचा."

मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, "मगे गरवूचा कित्याक?" – म्हणजे मग गळ टाकायचाच कशाला – आणि हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. मी मनात ठरवलं, सामन मिळो न मिळो, या माणसाला तिथे न्यायचंच. खरं सांगायचं तर गळ मीच टाकला होता, आणि मासा म्हणजे बाबा.

बाबांनी यंत्राशिवायचा उपाय दोन दिवसांत काढला. आमच्याकडे गरीवर, म्हणजे गळाने मासे धरायला, जातात तसाच... मुख्य दोऱ्याला एक आखूड, कच्चा दोरा बांधून त्याला शिशाचा गोळा. शिसं तळाला कुठे अडकलं तर कच्चा दोरा तुटतो, गळ वाचतो. बोट अगदी हळू चालवायची म्हणजे शिसं खाली राहतं. परवाना गळाच्या काठीचा होता म्हणून काठी घेतली, पण ती कायद्यापुरती. दोरा बाबांच्या बोटावरच असणार होता. हे सगळं वळत असताना ते मला म्हणाले, "बघ, मासोसुद्धा शेवटाक आपल्या जाग्यार परत जाता. आणि तू माका हय ठेवूक बघतंस." मी हातातला कांदा चिरत राहिले.

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. विमच्या नातीचा वाढदिवस होता, म्हणून तो आला नाही. आदल्या संध्याकाळी चावी देताना त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. पाण्यावर तरंगणाऱ्या लाल आणि हिरव्या बोयांच्या मधली वाट मोठ्या मालवाहू बोटींची. तिथे जायचं नाही. त्यांना तुम्ही दिसत नाही, आणि दिसलात तरी त्यांना थांबता येत नाही.

हवा स्वच्छ होती, पाणी करडं आणि सपाट. लाइफ जॅकेट घालून अभय इंजिनापाशी बसला. त्याला पोहता येत नाही हे इथे सांगायला हवं. थोडं आत गेल्यावर बाबांनी पिशवीतून नारळ काढला. तिथल्या भारतीय वंशाच्या सुरिनामी लोकांच्या दुकानातून आणलेला. मग विड्याची पानं, आणि विमकडून मागून घेतलेली चिमूटभर तंबाखू. बिडी मिळाली नव्हती ना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. त्याच्या हद्दीत गेलं की त्याला विचारायचं, नारळ-पान-बिडीचा मान द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं. आमच्या घरची आणखी एक रीत होती. नव्या पाण्यात पहिली दोरी मासा धरण्यासाठी टाकायचीच नाही. ती राखणदाराची. गळाच्या टोकाला बूच खोचायचं आणि नुसती भेट म्हणून दोरी खाली सोडायची. जरा वेळाने वर घ्यायची, बूच काढायचं, मग गरवायला सुरुवात.

अभय म्हणाला, "बाबा, आपण मासे पकडायला आलोय की हळदीकुंकवाला?"

"आदी हळदीकुकू, मगे जेवण," बाबा म्हणाले. मग समोर बघत, "अजून आत घे. राखणदार काठाक रवना नाय. खोल पाण्यात आसता."

अभयने माझ्याकडे पाहिलं. बोयांची रांग समोरच होती. विमचे शब्द मलाही आठवत होते. पण बाबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा जागा झालेला... मी म्हटलं, "पाच मिनिटं जाऊ, कुठे काय दिसतंय?" दोन्ही दिशांना पाणी मोकळं होतं. आम्ही बोया ओलांडल्या.

बाबांनी नारळ नांगराच्या लोखंडावर फोडला, पाणी नदीत ओतलं, त्यामागून पान-तंबाखू सोडली आणि हात जोडून सुरू केलं, "बा देवा म्हाराजा... हय जो कोण जाग्याचो राखणदार आसशीत, तुका ह्यो पाहुणो गाऱ्हाणा घालता. तुझी भाषा माका येणा नाय, माझी तू समजून घे. तुझ्या हद्दीत इलंव. काय चुकला-माकला तर सांभाळ, आणि ह्या पोरांका सुखरूप घराक धाड रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. दुसरं कोण म्हणणार? अभयनेही पुटपुटल्यासारखं केलं. बाबांनी बूच लावलेला गळ पाण्यात सोडला आणि दोरा बोटावर घेतला.

धुकं कधी आलं ते मला सांगता येणार नाही. मी थर्मासमधला चहा ओतत होते, कप अभयला दिला, मान वर केली – तर काठ नव्हता. मग बोया नव्हत्या. मग बोटीच्या पलीकडे काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. अभयने नीट ऐकू यावं म्हणून इंजिन बंद केलं. लांबून कुठूनतरी भोंगा वाजला. कोणत्या बाजूने, ते कळेना. त्याने इंजिनाची दोरी ओढली. एकदा, दोनदा, मग ओढतच राहिला. इंजिन काही सुरू होईना.

"वल्ही मार," मी म्हटलं.

"कुठल्या दिशेने?" त्याचा आवाज चिरकला होता. "मारू, पण कुठे?"

बोटीच्या तळातून, पायांखालून, एक बारीक थरथर जाणवायला लागली. मोठ्या इंजिनाची. मी बाबांचा दंड धरला. मला तेव्हा एवढंच वाटत होतं की या माणसाला मी हट्टाने इथे आणलं... आणि त्याच वेळी बाबा एकदम म्हणाले, "गप रवा."

त्यांच्या बोटावरचा दोरा ताठ झाला होता.

बाबा सावकाश उठून बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसले. दोरा हिसके देत नव्हता. मासा लागला की हिसके बसतात, लहानपणापासून मला माहीत आहे. हा सरळ, एकसारखा ताण होता. बोटीचं तोंड हळूच वळलं आणि आम्ही निघालो... चालत्या माणसाच्या वेगाने. पाण्यावर पिवळी पानं तरंगत होती. ती एका बाजूला वाहत होती आणि आम्ही त्यांना आडवे जात होतो. वारा नव्हता, इंजिन बंद, वल्ही बोटीत.

"दोरा काप," अभय म्हणाला. "काहीतरी अडकलंय, ओढून नेतंय आपल्याला."

"कापू नको," बाबा म्हणाले. "ओढूय नको. तो नेता थय जाऊया."

"तो कोण?"

बाबांची नजर पाण्यावरच होती. त्यांच्या बोटाला दोऱ्याने कापलं होतं, रक्त मनगटापर्यंत आलं होतं, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मी रुमाल बांधायला गेले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

थरथर वाढत वाढत कानात घुमायला लागली आणि मग आमच्या मागून मालवाहू बोट गेली. दिसली फक्त एक काळी भिंत आणि उंचावर पुसट दिवा, क्षणभर. मागोमाग लाटा आल्या, बोट कलंडायला झाली, चहाचा थर्मास पाण्यात गेला, मी आणि अभय तळाशी आडवे पडून एकमेकांना घट्ट धरून होतो. जिथे आम्ही इंजिन ओढत बसलो होतो, ती जागा तिच्या वाटेत होती. पुढे काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

बाबा तसेच बसून होते. दोरा तसाच ताठ. थोड्या वेळाने बोटीच्या कडेला काहीतरी खरखरलं. लव्हाळं. काठ. आणि दोरा एकदम सैल पडला.

बाबांनी दोरी वर घेतली. मी बघत होते. आधी शिशाचा गोळा आला, कच्च्या दोऱ्याला जसाच्या तसा. चिखल नाही, शेवाळ नाही. मग गळ आला. त्याच्या टोकाला बूच होतं... खोचलं होतं तसंच.

 धुकं विरळ झाल्यावर आम्ही काठाकाठाने वल्ही मारत बंदरात आलो.

अभय इंजिनियर माणूस, गप्प बसणार थोडाच. आठवडाभर तो कारणं शोधत होता. शिसं वाहत्या ओंडक्यात अडकलं असेल. मग कच्चा दोरा तुटायला हवा होता, तो तर त्याचसाठी बांधलेला. पाण्याचा भोवरा असेल. मग पानं आमच्याबरोबर का आली नाहीत? मोठ्या बोटीने पाणी ढकललं असेल. यावर विमनेच मान हलवली. अशा बोटी पाणी स्वतःकडे ओढून घेतात म्हणे, दूर सारत नाहीत. वाट ओलांडल्याबद्दल तो आमच्यावर आधी चांगलाच भडकला होता. मग आम्ही कुठल्या लव्हाळ्यात लागलो ते त्याने दोनदा विचारलं, आणि त्यानंतर तो विषय त्याने कधीही काढला नाही. आज इतकी वर्षं झाली, मी अजून विचारतेच आहे. उत्तर कुणाकडे असेल तर जरूर सांगा. मात्र "मोठा मासा असेल" असं लिहू नका... बूच लावलेल्या गळाला मासा लागत नाही.

पण मला अस्वस्थ करते ती गोष्ट यापुढची आहे. त्या रात्री बाबांच्या खोलीतून पावलं ऐकू आली नाहीत. मी दोनदा उठून दाराला कान लावला. घोरत होते. सकाळी चहा पिताना आपणहूनच म्हणाले, "खय सही करूची ती दाखव. रवतंय मी हय. आता माका वळखणारो आसा हय."

मला हवं होतं ते सगळं मिळालं. मी रडले, त्यांच्या गळ्यात पडले, अभयने शिरा केला. सहा वर्षं बाबा आमच्याकडे होते, शेवटपर्यंत. पुन्हा कधी येरझाऱ्या घातल्या नाहीत. येरझाऱ्या मी घालायला लागले. कारण पुढच्याच आठवड्यात, भांडी पुसताना, मी लाडात येऊन त्यांना विचारलं होतं, "बाबा, माझ्यासाठी राहिलात ना?"

बाबा कधी खोटं बोलत नसत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "तू तर आदीपासून हय आसंसच गो. पण तेवड्यान माझो जीव लागा नाय होतो."